सर्व्हरला तुमचं नाव कधी कळतं?

एक साधा प्रश्न विचारतो. तुम्ही ब्राउजरमध्ये पत्ता टाकलात, यूजरनेम-पासवर्डची ती जुनाट राखाडी चौकट आली, तुम्ही ती भरलीत आणि पान उघडलं. या सगळ्यात सर्व्हरला तुमचं नाव नेमकं कधी कळलं? आपण म्हणतो, "पासवर्ड टाकला तेव्हा." बरोबर आहे, पण अर्धंच. ब्राउजर दर वेळी नाव आणि पासवर्ड सोबत पाठवतो, पण सर्व्हर ते आल्या आल्या वाचत बसत नाही. त्याची कामं ठरलेल्या क्रमाने चालतात आणि नाव विचारायचं काम त्या रांगेत बरंच मागे आहे. त्याच्या आधी जो कोणी "यांचं नाव काय?" असं विचारेल त्याला उत्तर म्हणून रिकामी जागा मिळते. एरर नाही, वॉर्निंग नाही, फक्त रिकामी जागा.

या रिकाम्या जागेपायी शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री मोठ्या अडचणीत सापडली होती. आजची पोस्ट त्यावर. थोडी टेक्निकल आहे. ज्यांना सर्व्हरशी देणंघेणं नाही त्यांनी मधले दोन परिच्छेद गाळून पुढे उडी मारली तरी चालेल, पण एसटीचं उदाहरण तेवढं वाचा :-)

आधी व्यवस्था सांगतो. कोल्हापुरातल्या फाउंड्र्या कास्टिंग बनवतात, हे इथल्यांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी: पंप, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टर, इंजिन यांचे ओतीव भाग. गिऱ्हाईक ड्रॉइंग पाठवतं, फाउंड्री पॅटर्न करते, ओतते, आणि मालाबरोबर कागदांचा गठ्ठा जातो. हीट नंबर, केमिकल कॉम्पोझिशन, हार्डनेस, मापांचा इन्स्पेक्शन रिपोर्ट. हे कागद पूर्वी कुरियरने जायचे, मग ईमेलने, आणि मग या फाउंड्रीने स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायला सुरुवात केली. गिऱ्हाईकाने एकाच पत्त्यावर यायचं, लॉगिन करायचं आणि आपल्याला आपलेच कागद दिसायचे. पत्ता सगळ्यांना एकच, "रिपोर्ट्स". आत मात्र "कपाट" नावाचं फोल्डर आणि त्यात प्रत्येक गिऱ्हाईकाचा एक कप्पा. लॉगिनचं नाव आणि कप्प्याचं नाव एकच.

"रिपोर्ट्स" वर आलेल्याला "कपाट"मधल्या त्याच्या कप्प्यात नेऊन सोडायचं काम एका ओळीचं होतं. अपाची सर्व्हरचं मॉड-रीराइट. ज्यांनी कधी वापरलं असेल त्यांच्या पोटात हे नाव वाचून गोळा आला असेल. राल्फ एंगेलशाल नावाच्या माणसाने हे १९९६ मध्ये लिहिलं आणि १९९७ मध्ये अपाचीवाल्यांना देऊन टाकलं. म्हणजे माझ्याच वयाचं आहे. काम काय, तर आलेला पत्ता बघायचा, नमुन्याशी जुळवायचा आणि जुळला तर बदलून दुसराच पत्ता आत पाठवायचा. मराठी संकेतस्थळांवर "नोड" आणि पुढे एक आकडा असे सुटसुटीत पत्ते ज्यांना आठवत असतील, त्यांनी ड्रुपल आणि मॉड-रीराइटची जोडी न कळत वापरलेली आहे. बाहेर सुबक पत्ता, आत प्रश्नचिन्हं आणि बरोबरच्या खुणांची जत्रा.

तर फाउंड्रीचा तो नियम साध्या भाषेत असा होता: काहीही मागितलं तरी ते "कपाट", स्लॅश, लॉगिन केलेल्याचं नाव, स्लॅश, मागितलेली वस्तू, असं करून आण. नावासाठी अपाचीकडे एक व्हेरिएबल असतं, रिमोट-यूजर. हा नियम डॉट-एचटीअॅक्सेस फाइलमध्ये होता आणि अपाची २.२ वर कित्येक वर्षं बिनबोभाट चालला.

मग मशीन बदललं. जुना सर्व्हर कुरकुरत होता, २.२ चा सपोर्ट तर २०१७ मध्येच संपलेला. एका व्हेंडरने नवीन मशीनवर २.४ बसवून दिलं. २.४ मध्ये एक छोटा बदल आहे: डॉट-एचटीअॅक्सेस फाइल वाचायची की नाही याचं डीफॉल्ट उत्तर पूर्वी "सगळी वाच" होतं, ते "अजिबात वाचू नको" असं झालं. बदल चांगलाच आहे. दर रिक्वेस्टला वरपासून खालपर्यंत प्रत्येक फोल्डरमध्ये ती फाइल आहे का हे शोधत बसण्यात वेळ जातो, आणि मॅन्युअलही सांगतं की मुख्य कॉन्फिग तुमच्या हातात असेल तर नियम तिथेच लिहा. व्हेंडरने तेच केलं. नियम उचलून मुख्य फाइलमध्ये टाकला. तिथे पत्त्याच्या सुरुवातीचा स्लॅशही नमुन्यात धरावा लागतो, तो फरकसुद्धा त्याला माहीत होता आणि त्याने तो नीट सांभाळला. मी हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढचं वाचून कोणी "व्हेंडर गाढव" म्हणेल. नव्हता. त्याने लॉगिन करून बघितलं, चौकट आली, आत फोल्डर दिसलं, पीडीएफ उघडल्या. पण टेस्टसाठी त्याच्याकडे ऑफिसचं खातं होतं, आणि ऑफिसच्या खात्याला सगळंच दिसायला हवं होतं!

फाउंड्रीचे मालक माझ्या मित्राचे वडील. फोन त्यांचाच आला, शनिवारी सकाळी.

"अरे, ते पुण्याच्या पार्टीचे परचेसवाले म्हणतायत, तुमच्याकडं कोण कोण माल घेतंय ते आम्हाला कळलं. हसत होते. मला काय कळंना. जरा बघतोस काय?"

"काका, त्यांना नक्की काय दिसलं?"

"यादी दिसली म्हणे. सगळ्यांच्या नावाची."

त्यांचा आवाज शांत होता. लहानपणापासून ओळखतो, हे शांत असले की काळजी वाटते. पुण्याची पार्टी पंप बनवते. त्या यादीत आणखी दोन पंपवाले होते. एकमेकांचे थेट स्पर्धक, तिघांची ड्रॉइंग एकाच छताखाली, आणि प्रत्येकाबरोबर गोपनीयतेचा करार. या धंद्यात फाउंड्रीने दुसऱ्याचं नावही तोंडातून काढायचं नसतं. पॅटर्न शॉपमध्ये बाहेरचा माणूस आला की इतरांच्या पॅटर्नवर गोणपाट टाकतात, हे मी स्वतः पाहिलंय. इथे सर्व्हरने सगळी गोणपाटं काढून ठेवली होती.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. २.४ मध्ये रीराइटचा लॉग वेगळा नसतो, नेहमीच्या एरर-लॉगमध्येच त्याची बडबड वाढवता येते, ट्रेस एकपासून आठपर्यंत. तीनवर ठेवलं आणि एकदा पान उघडलं. लॉगमध्ये स्वच्छ दिसत होतं: "कपाट", स्लॅश, मध्ये काही नाही, पुन्हा स्लॅश. नावाची जागा रिकामी. फाइल सिस्टमला दोन स्लॅश म्हणजे एकच स्लॅश. त्यामुळे पत्ता एखाद्या कप्प्याचा न राहता अख्ख्या कपाटाचा झाला. गिऱ्हाईकाला आपल्या पीडीएफची यादी दिसावी म्हणून फोल्डर-लिस्टिंग चालू ठेवलेलं, त्यामुळे आता सगळ्या कप्प्यांची यादी यायला लागली. क्लिक केलं की कप्पा उघडायचा.

आता ते एसटीचं उदाहरण.

मध्यवर्ती बसस्थानकावर तुम्ही गेलात की आधी फलाट बघता, गारगोटी इकडे, सांगली तिकडे. गाडीत चढता, बसता, गाडी हलते, आणि मग कंडक्टर येतो: "पास दाखवा." २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास सुरू झाला, त्यांचंही कार्ड कंडक्टरच बघतो, गाडीत. आता समजा कोणी नियम काढला की ७५ वर्षांवरच्यांना वेगळ्या फलाटावर पाठवायचं, आणि तो नियम राबवायला फलाटाच्या तोंडाशी एक माणूस उभा केला. त्याला कार्ड तपासायचा अधिकार नाही. तो कोणाला कुठे पाठवणार?

अपाचीचं असंच आहे. रिक्वेस्ट आली की पहिलं मोठं काम म्हणजे पत्त्याचं भाषांतर: हा पत्ता डिस्कवरच्या कोणत्या फाइलचा? त्यानंतर, ही रिक्वेस्ट कोणत्या मशीनवरून आली, आत घ्यायची का? मग ओळख, म्हणजे नाव-पासवर्ड. मग परवानगी, म्हणजे या नावाला ही गोष्ट चालते का? मग फाइलचा प्रकार, मग फिक्सअप नावाची शेवटची डागडुजी, मग प्रत्यक्ष मजकूर पाठवणं, आणि सर्वात शेवटी लॉगमध्ये नोंद. मुख्य कॉन्फिगमधले रीराइट नियम पहिल्याच टप्प्यात चालतात, म्हणजे फलाटाच्या तोंडाशी. डॉट-एचटीअॅक्सेसमधले नियम मात्र फिक्सअपमध्ये चालतात, म्हणजे कंडक्टर पास बघून गेल्यावर. हे वाचल्यावर साहजिकच वाटतं की फिक्सअपपर्यंत पत्त्याची फाइल ठरून गेलेली असते, मग तिथे पत्ता बदलायचा कसा? उत्तर असं की मॉड-रीराइट तिथे सरळ अंतर्गत रीडायरेक्ट करतं, म्हणजे अख्खी गाडी पुन्हा स्टँडात आणतं आणि नव्या पाटीसह सोडतं. म्हणूनच डॉट-एचटीअॅक्सेसमधले नियम स्वतःभोवती गरगर फिरायला लागतात. दहा फेऱ्या झाल्या की अपाची कंटाळून ५०० एरर देतो. अनेकांनी अनेक रविवार त्यात घालवलेत.

तर शब्द तोच, नियम तोच, जागा बदलली आणि अर्थ बदलला. एका जागी रिमोट-यूजर म्हणजे गिऱ्हाईकाचं नाव, दुसऱ्या जागी शून्य लांबीची स्ट्रिंग.

मॉड-रीराइट लिहिणाऱ्याला ही अडचण माहीत होती. त्यासाठी एक सोय आहे, व्हेरिएबलच्या नावाआधी "एलए-यू" आणि कोलन लावायचं. एलए म्हणजे लुक-अहेड. याने अपाची तिथल्या तिथे एक आतली, खोटी रिक्वेस्ट तयार करतो: हा पत्ता जसाच्या तसा पुढे गेला असता तर शेवटी नाव काय निघालं असतं? ती रिक्वेस्ट ओळखीच्या टप्प्यातून जाऊन येते, नाव घेऊन येते, आणि आपला नियम ते वापरतो. फलाटावरच्या माणसाने कंडक्टरला आधीच हाक मारून विचारून घेतल्यासारखं. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. एक, मूळ पत्त्यालाही लॉगिनची अट हवी. "रिपोर्ट्स"वर पासवर्ड मागितलाच जात नसेल तर खोटी रिक्वेस्टही हात हलवत परत येणार. दोन, पासवर्ड आता प्रत्येक रिक्वेस्टला दोनदा तपासला जातो. बीक्रिप्टने साठवलेला पासवर्ड तपासणं मुद्दाम हळू केलेलं असतं, चोराला त्रास व्हावा म्हणून, आणि या पद्धतीत चौकट एकदाच दिसली तरी तपासणी प्रत्येक फाइलला होते. पानावर वीस आयकॉन असतील तर त्या प्रत्येकाला दोनदा. २.४ मध्ये पासवर्डची साठवलेली नोंद थोडा वेळ लक्षात ठेवणारं एक कॅश-मॉड्यूल आहे, पण ते मूळ साठ्यावरचा भार कमी करतं, बीक्रिप्टची तपासणी वाचवत नाही. फाउंड्रीच्या गर्दीला त्याची गरज नव्हती.

नावाच्या जागी "एक किंवा जास्त अक्षरं असतील तरच" अशी अटही टाकली. रिकामं नाव आलं तर नियम लागूच होणार नाही. सुरुवातीलाच ही अट असती तर गिऱ्हाईकाला "सापडलं नाही" एवढंच दिसलं असतं आणि फोन आला असता तो साध्या तक्रारीचा. माझं मत विचाराल तर दुसऱ्याकडून येणारं मूल्य पत्त्यात चिकटवणारा प्रत्येक नियम हा प्रश्न विचारूनच लिहावा, की हे रिकामं आलं तर पत्ता कुठला होतो?

एवढं झाल्यावर काका म्हणाले, "झालं न्हवं? मग चहा घे."

झालं नव्हतं. खरी भानगड यापुढे आहे, आणि ती मशीन बदलण्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे. मी पुण्याच्या पार्टीसारखंच साधं खातं तयार केलं आणि "रिपोर्ट्स"च्या वाटेने न जाता थेट "कपाट", स्लॅश, दुसऱ्या एका गिऱ्हाईकाचं नाव असा पत्ता टाकला. उघडलं. सगळे रिपोर्ट समोर. कपाटावरची अट एवढीच होती की कोणीतरी लॉगिन केलेलं असावं. कोणी, याची विचारपूस नव्हती. नियम प्रत्येकाला आपापल्या कप्प्याकडे नेत होता, पण कप्प्यांना कुलूपच नव्हतं. इतकी वर्षं ते सुरक्षित वाटत होतं, ते केवळ "कपाट" हा शब्द बाहेर कोणाला माहीत नव्हता म्हणून.

पत्ता बदलणं म्हणजे पाहुण्याला त्याच्या खोलीपर्यंत सोडणं. बाकीच्या खोल्यांची कुलपं वेगळी लावावी लागतात. आणि तीही पत्त्यावर लावून उपयोग नाही, फोल्डरवर लावावी लागतात. एका फोल्डरकडे पाच वाटांनी जाता येतं. वाटेवर पहारा ठेवला तर सहावी वाट राहून जाते, फोल्डरवर ठेवला तर कुठूनही या. गिऱ्हाईकं चौदा होती, मी चौदा ब्लॉक हाताने लिहिले: या फोल्डरला हे एक नाव आणि ऑफिसचं खातं, बाकी कोणी नाही. आणि खुद्द कपाटाच्या पातळीवर लिस्टिंग बंद. २.४.८ पासून फोल्डरच्या नावाचा तुकडा पॅटर्नमध्ये पकडून तोच परवानगीच्या अटीत वापरता येतो, म्हणजे चौदाचं काम एकात होतं. पण हे पुढे फाउंड्रीतला जो मुलगा सांभाळणार आहे त्याला चौदा ब्लॉक वाचता येतात आणि पंधरावा लिहिता येतो. हुशारी तिथेच थांबवली.

जाता जाता एन्जिनएक्सवाल्यांसाठी, कारण आता कोणीतरी म्हणणारच की अपाची कोण वापरतं हल्ली. तिथेही रीराइटचा टप्पा परवानगीच्या आधीच येतो. फरक असा की तिथे यूजरचं नाव रीराइटमध्ये मिळतं, कारण ते हेडरमधून थेट उचललेलं असतं. पासवर्ड अजून तपासलेला नसतो. म्हणजे अपाची म्हणतो "माहीत नाही" आणि एन्जिनएक्स म्हणतो "हा म्हणतोय की मी अमुक". पुढे तपासणी होते खरी, पण रीराइटच्या टप्प्यातच "रिटर्न" करून मोकळे झालात तर ती होतच नाही. कोणतं जास्त धोक्याचं ते तुम्हीच ठरवा.

असो. कुलपं लागली. मग काकांनी तो प्रश्न विचारला ज्याची मी वाट बघत होतो.

"त्यांनी यादीच बघितली, का आतलं बी उघडलं?"

याचं उत्तर सर्व्हरकडे होतं. नोंद करणं हा शेवटचा टप्पा, तिथे पोचेपर्यंत नाव कळलेलं असतं. त्यामुळे ज्या रिक्वेस्टला सुरुवातीला नाव नव्हतं तिच्याही नोंदीत नाव छापलेलं होतं. पुण्याच्या पार्टीच्या खात्याने यादी तीनदा उघडली होती. एका स्पर्धकाच्या कप्प्यात एकदा गेले होते, आणि तिथली एक पीडीएफ पूर्ण उतरवलेली होती. बाइट्सचा आकडा फाइलच्या आकाराशी जुळत होता. ड्रॉइंग नव्हतं, एका लॉटचा इन्स्पेक्शन रिपोर्ट होता. पण रिपोर्टमध्ये मापं असतात, टॉलरन्स असतात. जाणकाराला पुरेसं असतं. बाकीच्या गिऱ्हाईकांच्या खात्यांवरून मधल्या काळात कोणी आलंच नव्हतं.

मी त्या ओळी स्क्रीनवर दाखवल्या. काका चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. अकाउंट्समधले एक जुने काका तिथेच बसले होते, ते म्हणाले, "त्यास्नी कशाला सांगायचं? त्यांना कुठं ठावं हाय?" मी काही बोललो नाही. माझं मत स्पष्ट होतं, पण ते गिऱ्हाईक माझं नव्हतं आणि वर्षाचा माल जाणार होता तो माझा नव्हता. भट्टीच्या बाजूने पोअरिंगचा आवाज येत होता.

काकांनी ज्याचा रिपोर्ट गेला होता त्या कंपनीला फोन लावला. सोमवारपर्यंत थांबले नाहीत, शनिवारीच, त्यांच्या क्वालिटीच्या मॅनेजरच्या मोबाइलवर. काय झालं, कोणता लॉट, कोणती फाइल, किती वाजता, सगळं सांगितलं. कोणी बघितलं ते नाव मात्र सांगितलं नाही. पलीकडून बराच वेळ शांतता. मग त्यांनी लॉगच्या ओळी मागितल्या, आणि आता काय बंदोबस्त केलाय ते लेखी मागितलं.

लेखी मीच लिहून दिलं, दीड पान. लॉगमधून दुसऱ्या पार्टीचं नाव काढून जागा रिकामी ठेवली. मंगळवारी त्यांचा एक इंजिनिअर शिरोलीला आला, लॅपटॉप उघडून स्वतःच्या खात्याने लॉगिन केलं, आणि बाकीच्या कप्प्यांचे पत्ते टाकून बघत बसला. त्याला ती नावं आम्हीच दिली नव्हती, त्याने अंदाजाने टाकली. त्यातली चार बरोबर निघाली. चारही ठिकाणी ४०३ आला. नसलेल्या नावांवर ४०४ येत होता.

"हा फरक पण काढा," तो म्हणाला. "४०३ आला म्हणजे गिऱ्हाईक आहे, हे कळतंच की."

त्याचं म्हणणं बिनतोड होतं. त्या रात्री दोन्हीला एकच उत्तर द्यायची व्यवस्था केली. त्यांची पुढची ऑर्डर अजून आलेली नाही, रद्दही झालेली नाही.